आबाकाकांच्या बागेतला लव्हाळा

मु. खालापूर
ता. २५ जून १९२७

चि. वाल्मिक यास येसाजीचा आशीर्वाद. आज अर्धाच धाडतो, उरलेला राग उतरल्यावर.

तुझं कार्ड पोचलं. माझ्याआधी ते मोरू टपालवाल्याला पोचलं आणि त्याच्या तोंडून गाडीतळावरच्या सगळ्या गाडीवानांना. मी बैलाला नाल ठोकून घेत होतो, तर हा लांबूनच म्हणतो, "येसाजीशेट, मुंबयचा भाऊ लिवतोय, तुमी बागेत झोपा काढता म्हून." सगळे हसले. उघड्या कार्डावर लिहिलं ते चावडीवर वाचलं, एवढं तुला गोदीच्या कचेरीत दहा वर्षं लेखणी झिजवून कळू नये. यापुढे मला शिव्या द्यायच्या असतील तर पाकिटात घालून दे.

आता झोपेचं. मागच्या रविवारी तू पळसदरीला आबाकाकांच्या बागेत आलास, अर्धा तास छत्री धरून उभा राहिलास, गुडघाभर लव्हाळा पाहिलास आणि पुढच्या गाडीनं परत गेलास. वैशाखात त्या बागेत काय झालं ते तू पाहिलं नाहीस. मी चार माणसं लावून घाणेरीची झुडपं मुळासकट काढली. मग भाताच्या रोपासाठी करतो तसा अख्ख्या बागेवर राब भाजला. शेण, पालापाचोळा, टहाळ, वर मातीचा थर, आणि वाऱ्याच्या उलट अंगानं पेटवला, म्हणजे सावकाश जळावा आणि धग खाली उतरावी. दोन दिवस धूर निघत होता. आपल्याकडे बापजाद्यांपासून रोपाची जमीन अशीच भाजतात आणि तण मरतं. खालापुरातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचार, तो हेच सांगेल. जमीन काळी कुळकुळीत झाली. मी चौक गावी तुझ्या बहिणीला, अंबीला निरोपही धाडला, तुझी जागा तयार आहे म्हणून.

पाऊस लागून आठ दिवस झाले नाहीत तोच त्या राखेतून लव्हाळा वर आला, पूर्वीच्या दुप्पट. खाली गाठी तशाच होत्या. मी वरून त्यांना खत घातलं होतं, वाल्मिक, माझ्याच गोठ्यातल्या शेणाचं. तेव्हा राग मला तुझ्या कार्डाआधीच आलाय, तुझ्यासाठी त्यात फारशी जागा उरलेली नाही.

पण कार्डात तू एक गोष्ट टाळलीस, ती मी लिहून ठेवतो. आबाकाकांनी मरताना तुझ्यादेखत माझा हात धरून सांगितलं की बाग अंबीची. कागद तुझ्या नावावर झाला, कारण मुलगा तू. अंबीचा नवरा जाऊन वर्ष झालं, पोटी मूल नाही, आणि चौकला तिचा दीर कोंडाजी तिला गोठ्यापासून चुलीपर्यंत राबवतो आणि जेवताना तिच्या ताटाकडे बघतो. बागेतल्या दोन खोल्यांत राहावं, भाजी आणि मोगरा करावा, कर्जतला विकावा, एवढंच तिचं मागणं आहे. लव्हाळा दुसरं काही रुजू देत नाही तोवर तिथं तिच्या पोटाला मिळणार नाही. म्हणून हे काम आहे, हौस म्हणून नाही.

काका गेल्यापासून दोन वर्षं ती बाग मी राखतोय. पहिल्याच हिवाळ्यात बोरीच्या काट्यांचं कुंपण घालून चोर बंद केले. झोपलेला माणूस एवढं करत नाही.

येसाजी

&nbsp;

गिरगाव, मुंबई
ता. २ जुलै १९२७

तीर्थस्वरूप येसाजीदादांस वाल्मिकचा नमस्कार.

हे पत्र पाकिटात आहे. मोरूस वाचावयाचे असल्यास त्याने वाफेवर धरून उघडावे.

राब भाजल्याचे वाचून वाईट वाटले, नवल वाटले नाही. भाताच्या रोपास जे लागते तेच बागेस लागते असे समजणे म्हणजे खोकल्याचे औषध पायाला चोळणे होय. मी येथे शेतकीचे एक पुस्तक मिळवून वाचले. त्यात स्पष्ट म्हटले आहे की लव्हाळ्याची जमीन खोल नांगरून पालथी घालावी, म्हणजे गाठी उघड्या पडून मरतात. आपण कृपा करून दोन नांगर लावावे आणि उभी-आडवी नांगरट करून घ्यावी. बापजाद्यांस विचारू नये.

दुसरी गोष्ट आपल्यापासून लपवीत नाही. येथील एक वकील पळसदरीला हवेसाठी बंगला बांधू इच्छितात. त्यांनी आपली बाग पाहिली आहे. आमची खोली कोळशाच्या वखारीवर आहे. आपल्या भावजयीस दमा आहे, हे आपण जाणता. गेल्या पावसाळ्यात दोन वेळा ती हाती लागते की नाही अशी झाली. डॉक्टर म्हणतात, खोली बदला. नुसत्या म्हणण्याने खोली बदलत नाही.

तरी बाबांचा शब्द मी विसरलेलो नाही. दसऱ्यापर्यंत बाग स्वच्छ होऊन लागवडीजोगी झाली तर अंबूने तेथे सुखाने राहावे. न झाल्यास मी ती वकीलसाहेबांस देईन, आणि अंबूने चौकला जावे. तेथे तिला छप्पर आहे. माझ्या घरात नाही.

आपला,
वाल्मिक

&nbsp;

मु. पळसदरी
ता. ३० जुलै १९२७

वाल्मिक,

आशीर्वाद वगैरे राहू दे. हे मी बागेतल्या ओट्यावर बसून लिहितोय, म्हणून कागद ओला आहे.

तुझ्या पुस्तकाप्रमाणे दोन नांगर लावले. उभी नांगरट केली, आडवी केली. माझे बैल पोटापर्यंत चिखलात गेले. आठवडाभर बाग कशी छान दिसली. आता ये आणि बघ. गाठींची खाली माळ असते, एकीला दुसरी लटकलेली. नांगरानं ती माळ तोडली आणि एकेक मणी सगळ्या बागेत पेरला. पाणी वरून होतंच. पूर्वी जिथं लव्हाळा नव्हता, आंब्याच्या बुडात, विहिरीच्या कडेला, तिथंही आलाय. मी तिसाव्या वर्षी मुळाक्षरं शिकलो, पुस्तक मला कमी कळतं. तेवढं सांग, भर पावसात नांगरा असं त्यात लिहिलंय का? लिहिलं असेल तर ज्यानं लिहिलं त्याला माझ्याकडे धाड.

अंबी महिन्यापूर्वीच इथं आली आहे. मी पुन्हा बोलावलं नव्हतं, ती चौकहून चालत आली, डोक्यावर एक गाठोडं. सकाळपासून उकिडवी बसते आणि खुरप्यानं एकेक लव्हाळा काढते. वरचं पातं हातात येतं, गाठ खाली राहते. तिला ते माहीत आहे. तरी काढते. तिच्या बोटांच्या पेरांना चिरा पडल्यात.

परवा कोंडाजी आला. कुंपणाच्या बाहेरून म्हणाला, "चल गं घरी. लावणीला माणूस नाय, आनि तू हितं गवत उपटतेस."

अंबी मान वर न करता म्हणाली, "माणूस नाय तर माणूस ठेवा, भावजी. मी भावजय हाय तुमची."

"आनि दसऱ्यानंतर कुठं जाशील? जागा इकतोय तुजा भाऊ. वकिलाला देतोय."

"तवा बघू."

मी ओट्यावर चहा पीत होतो. माझे कान तुला माहीत आहेत. स्टेशनातल्या दोन हमालांचं भांडण मी फलाटाच्या दुसऱ्या टोकाला ऐकतो. म्हटलं, ही दसऱ्याची गोष्ट तुझ्या पाकिटातून मला कळली, कोंडाजीला कुठून कळली? म्हणून उठलो आणि त्याला आत बोलावलं, चहा दिला, पाऊसपाण्याचं विचारलं. चहा प्यालेला माणूस बोलतो. म्हणाला, "मला पत्र हाय वाल्मिकरावांचं. दसऱ्यानंतर अंबीला न्यायला या, ऐकली नाय तर जरा जोरानं सांगा, असं लिवलंय."

जोरानं म्हणजे कसं, वाल्मिक? हाताला धरून, की केसाला?

म्हणजे मला पुस्तक वाचून दाखवायचं, दसऱ्याची मुदत द्यायची, आणि त्याच टपालानं चौकला तिची पाठवणी ठरवायची. तुला बाग साफ व्हायला नकोच आहे. तोंडावर सांगितलं असतंस तर मी एकदाच भांडलो असतो.

येसाजी

&nbsp;

गिरगाव, मुंबई
ता. ८ ऑगस्ट १९२७

येसाजीदादांस नमस्कार.

कोंडाजीस मी पत्र लिहिले, हे खरे. 'जोराने' हा शब्द माझा नाही, त्याचा आहे. मी 'समजावून' लिहिले होते. विधवा बहिणीने रानात एकटे राहावे आणि लोकांनी मला नावे ठेवावी, हे मला पसंत नाही. त्यात लपवण्यासारखे काही नाही. आपणास सांगितले नाही, कारण आपण सांगू देत नाही.

पुस्तकाविषयी. त्यात नांगरट 'उन्हाळ्यात' करावी असे आहे. उतरवून घेताना तो शब्द राहून गेला. त्याबद्दल मी दिलगीर आहे.

आता माझा एक प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर आपण रागाने न देता विचार करून द्यावे. बाबा शेवटची सहा वर्षे खाटेवर होते. त्या सहा वर्षांत बागेत आपल्या घरच्या कोणी कुदळ मारली नाही. घाणेरी वाढली, कुंपण पडले, सारे झाले. लव्हाळा मात्र नव्हता. मी सुट्टीत येत असे, मला नक्की आठवते. आपण दोन वर्षे बाग राखलीत आणि लव्हाळ्याने ती भरली. हा लव्हाळा आपल्याच राखणीत कोठून आला?

वाल्मिक

&nbsp;

मु. खालापूर
ता. १२ सप्टेंबर १९२७

वाल्मिक,

तुझ्या प्रश्नाला महिनाभर उत्तर दिलं नाही. पहिले आठ दिवस शिव्या सुचत होत्या. नंतर प्रश्न सुचायला लागला.

काल कर्जतच्या बाजारात उत्तर मिळालं. मी काष्ठौषधीच्या दुकानामागे गाडीतून पोती उतरवून घेत होतो. दुकानदार कुणाला तरी म्हणत होता, "ठमे, दोन वर्षं झाली, तू नागरमोथा मूठभर आणतेस. दिवाळीला लोक उटणं मागतात, त्यात मी काय घालू?" नागरमोथा म्हणजे लव्हाळ्याच्याच गाठी, वाळवलेल्या. हे मला माहीत होतं आणि कधी डोक्यात आलं नव्हतं.

एक कातकरीण म्हणाली, "कुटनं आनू? आबाजीबाबाची बाग व्हती तवा टोपल्या भरून आनायची. आता तितं काटं हायेत."

पोतं माझ्या हातात तसंच राहिलं.

आठवलं मला सगळं. काका गेले तो हिवाळा. मी बागेत पाऊल टाकलं तर ठमी, तिचा नवरा शुक्रा आणि वाडीवरची पाच-सहा माणसं आमच्या जमिनीत हातभर खोल खड्डे करत होती. मी चोर म्हणालो. नुसतं म्हणालो नाही. टोपली लाथेनं उडवली, ठमीच्या हातातली पहार हिसकावून घेतली आणि चार लोकांसमोर त्यांना हाकललं. पंधरा दिवसांत काटे आणून कुंपण घातलं. आणि तुला पहिल्याच पत्रात लिहिलं, चोर बंद केले. ते लिहिताना मला चांगलं वाटत होतं.

दर हिवाळ्यात ती माणसं येऊन लव्हाळा मुळातून काढून नेत होती. फुकट. मी त्यांना बंद केलं आणि मग राब भाजला आणि नांगर फिरवला. आता तूच मला झोपलेला म्हण, मी ऐकून घेतो.

पुढे होऊन म्हटलं, "ठमे, ओळखलंस का?"

तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "वळखलं की. पहारवाला शेट."

"काका तुम्हाला बोलवायचे, हे मला माहीत नव्हतं."

"तुमी विचारलं व्हतं? बाबा खाटंवरनं वरडायचा, ठमे, हिरीकडं लय हाय, खोल जा, वर वर खनू नको. गाठी तुमच्या, जमीन माजी, असं म्हनायचा. तुमी काय म्हनला ते ठावं हाय ना?"

"ठाऊक आहे."

"मग झालं."

आज सकाळी तिची पहार घेऊन कातकरवाडीवर गेलो. दोन वर्षं ती माझ्या गोठ्यात होती, आम्ही तिनं खुंटे ठोकत होतो. पहार पुढे केली, चुकलो म्हटलं, दसऱ्यानंतर खणायला या म्हटलं. शुक्रानं पाठ केली. ठमी म्हणाली, "ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. चोराच्या हातात लोकंड कशाला देता?"

पहार परत घेऊन आलो. वाटेत मोरू भेटला, त्यानं विचारलं ही कसली पहार. मी सांगितलं नाही, म्हणजे उद्या गावभर होईल.

तुझ्यावरचा माझा राग गेलेला नाही, हे लक्षात ठेव. कोंडाजीला लिहिलेलं पत्र मी विसरणार नाही. फक्त आता त्यात माझाही वाटा आहे.

येसाजी

&nbsp;

पळसदरी
ता. २५ सप्टेंबर १९२७

भाऊ,

हे पत्र मी दोनदा लिहिलं. एक तुला, एक दादांना. मजकूर तोच आहे. मी तिसरीपर्यंत शिकले, अक्षर वाईट आहे, पण वाचता येईल.

दादांनी तुझी सगळी पत्रं मला वाचायला दिली. तू लिहिलंस, तिला तिथं छप्पर आहे. भाऊ, छप्पर गोठ्यालाही असतं. कोंडाजी भावजी मला मारत नाहीत. मारलं असतं तर लोकांना दाखवता आलं असतं. माझ्या नवऱ्याच्या दिवसाला मी तीन पोळ्या जास्त केल्या म्हणून त्यांनी आठ दिवस पिठाच्या डब्याला कुलूप लावलं. तू मला कधी विचारलं नाहीस. दादांनीही नाही. दोघं माझ्यासाठी भांडता, पण एकमेकांशीच.

मी परवा कातकरवाडीवर गेले. मागितलं काही नाही. ठमी नाचणी दळत होती, तिच्या जात्यासमोर बसले आणि दुसरा हात लावला. बरंच दळून झाल्यावर ती म्हणाली, "तू आबाजीबाबाची?" हो म्हटलं. "बाबा गेला तवा आमाला कुनी सांगितलं नाय. आमी हिवाळ्यात आलो तवा कळलं." मी जात्याचा खुंटा सोडला नाही, दळत राहिले.

तिनं सांगितलं ते लिहिते. दसऱ्यापासून होळीपर्यंत ते खणतील. गाठी त्यांच्या. किती खोल जायचं ते त्यांनी ठरवायचं. आणि कुंपण ज्यानं घातलं त्यानंच काढायचं, गडी लावून नाही. दादा, हे तुम्हाला आहे.

आणि भाऊ, हे तुला. जमिनीतलं पाणी उतरल्याशिवाय लव्हाळा खणून निघत नाही. दसऱ्याला काम सुरू होतं, संपत नाही. ठमी हसली, म्हणाली, दसऱ्याच्या आत लव्हाळा काढा असं कोन बोललं? माझा भाऊ बोलला, हे सांगायची मला लाज वाटली. तू मुदत घातलीस त्याच दिवशी बाग माझ्या हातून गेली होती. तुला ते माहीत नव्हतं असं मी धरून चालते. माहीत असेल तर सांगू नको.

मी इथून जाणार नाही.

अंबा

&nbsp;

गिरगाव, मुंबई
ता. २९ सप्टेंबर १९२७

येसाजीदादांस,

अंबूचे पत्र पोचले. तिला लिहावयास आपण शिकवले की ती मनाने लिहिते, कळत नाही. मी वकीलसाहेबांस शब्द दिला आहे. दसऱ्यानंतरच्या रविवारी ते स्वतः येऊन जागा पाहून घेतील. घरात रात्ररात्र कोणी श्वासासाठी उठून बसत असता शब्द फिरवणे मला परवडत नाही. कोंडाजीस त्याच दिवशी यावयास कळवले आहे. आपण मध्ये पडू नये.

वाल्मिक

&nbsp;

मु. पळसदरी
ता. ११ ऑक्टोबर १९२७

वाल्मिक,

मध्ये पडलो नाही. काट्यांत पडलो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी एकट्यानं कुंपण काढलं. ठमी आणि तिची माणसं पलीकडे दगडावर बसून बघत होती. मदतीला कोणी उठलं नाही. दुपारपर्यंत माझे दोन्ही हात कोपरापर्यंत ओरबाडले. शेवटचा काटा ओढून टाकला तेव्हा शुक्रा उठला, माझ्याजवळून पहार घेतली आणि आत गेला. त्याच्या मागोमाग बाकीचे गेले. नुसता पहारींचा आवाज.

रविवारी तुझे वकीलसाहेब आले. सभ्य माणूस आहे. तू सांगितल्याप्रमाणे कोंडाजीही आला आणि फाटकाशी छत्री टेकून उभा राहिला, जसं काही गाठोडं उचलायलाच आलाय. वकिलांनी पाहिलं तर अख्ख्या बागेत हातभर खोल खड्डे, वीस माणसं गुडघ्यापर्यंत जमिनीत, आणि कडेला लव्हाळ्याच्या काळ्या गाठींचे ढीग. ते गोंधळले. मला विचारलं, "हे काय चाललंय?" मी म्हटलं, "या बाईंना विचारा. बाग त्यांची."

मी बोललो ते तेवढंच. ते खोटंही नव्हतं.

अंबी खड्ड्यातून वर आली. हातपाय मातीनं भरलेले, तशीच उभी राहिली.

वकील म्हणाले, "बाई, आपल्या बंधूंनी लिहिलंय की ही जागा देण्यास आपली हरकत नाही. एवढं आपल्या तोंडून ऐकावं म्हणतो."

हे तू लिहिलं होतंस, वाल्मिक. तिच्या नावानं.

अंबी म्हणाली, "हरकत हाय."

"म्हणजे?"

"म्हंजी नाय द्यायची. माज्या बापानं ही मला दिली. हे येसाजीदादा तितं होते, माजा भाऊपण होता. मी हितं राहते. उद्या माणसं आनलीत तर त्यांच्यासमोर बी हेच बोलीन. कोर्टात नेलंत तर तितं बी."

कोंडाजी फाटकातून म्हणाला, "येडी हाय ती, साहेब. नवरा गेल्यापास्नं असंच करते."

अंबी त्याच्याकडे वळली. हळूच बोलली, पण मला ऐकू गेलं आणि वकिलांनाही. "भावजी, येडी असते तर तुमच्या घरात ऱ्हायली असते."

वकिलांनी मला विचारलं, आबाजींनी तोंडी काही सांगितलं होतं काय. मी सांगितलं, माझा हात धरून सांगितलं, वाल्मिक उशाशी होता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "मी लोकांची भांडणं चालवून पोट भरतो. स्वतःसाठी एखादं विकत घ्यायला मी इतक्या लांब आलेलो नाही." आणि गाडीची वेळ विचारून निघून गेले. कोंडाजी त्यांच्या मागोमाग गेला. त्याला वाटत होतं अजून काही ठरेल.

शुक्रा खड्ड्यातून म्हणाला, "शेट, बाजूला व्हा, पहार लागंल." मी बाजूला झालो.

तुझा राग मला इथून दिसतोय. तो धर. माझाही मी धरला आहे. बहिणीच्या तोंडची संमती लिहून देणं, हे मी कुठल्याही माणसाला माफ केलं नसतं.

येसाजी

&nbsp;

गिरगाव, मुंबई
ता. २० ऑक्टोबर १९२७

येसाजीदादांस,

एका सभ्य गृहस्थासमोर आपण दोघांनी मला खोटा पाडलेत. मी खोटा होतो, हे मला माहीत आहे. पण ते घरातल्या घरात सांगता आले असते. यापुढे आपण मला पत्र लिहू नये.

वाल्मिक

&nbsp;

मु. खालापूर
ता. १८ मार्च १९२८

वाल्मिक,

लिहू नको म्हणालास, म्हणून पाच महिने लिहिलं नाही. हे शेवटचं. उत्तर मागत नाही.

होळी झाली आणि कातकऱ्यांनी पहारी उचलल्या. आबाकाकांच्या वेळेपेक्षा खोल गेले, ठमी म्हणते कमरेपेक्षा खोल गाठ सापडली तेव्हा तीच घाबरली. काष्ठौषधीवाला दुकानातून उठून स्वतः वाडीवर आला होता. जमीन उन्हात उघडी पडली आहे. पुस्तकातून उतरवताना तुझ्याकडून राहिलेला उन्हाळा आता सुरू झालाय, म्हणून मी नांगर आणला, तर ठमीनं हाकलून लावला. "आजून नाय," म्हणाली. मी बैल परत नेले. हल्ली मी ऐकतो.

लव्हाळा गेला असं समजू नको. परवाच्या अवकाळी सरीनं चार-दोन ठिकाणी पातं वर आलं. मला पाहून इतका राग आला की वहाण काढून त्यावर मारली. अंबी आणि ठमी दोघी हसायला लागल्या. ठमी म्हणाली, "वरून मारून काय व्हतंय, शेट. आजून दोन हिवाळं लागतील."

अंबी म्हणाली, "मग दोन हिवाळं."

विहिरीकडच्या पट्ट्यात तिनं वांगी लावलीत, आणि मोगऱ्याच्या काड्या. पहिली वांगी आठवड्यापूर्वी कर्जतला गेली, माझ्या गाडीतून नाही, तिच्या डोक्यावरून. कोंडाजी एकदा येऊन गेला. तिनं पाणी दिलं, बसायला दिलं, तो बसला आणि गेला.

भावजयीचा दमा वाढल्याचं मोरूकडून कळलं, त्याला कुठून कळतं देव जाणे. अंबीला सांगितलं तर म्हणाली, "वहिनी पावसापर्यंत हितं आली तर येऊ दे. एक खोली रिकामी हाय. भाऊवर मी रागावलेय, वहिनीवर नाय." मी तिचा शब्द जसाच्या तसा लिहिला, मुंबईत पोचेपर्यंत गोड करून नाही.

कागद तुझ्या नावावर आहे, तो तसाच आहे. कायद्यानं बाग तुझी, उद्या दुसरा वकील आणशील तर आणू शकतोस. पण तिथलं काही विचारायचं, मागायचं, विकायचं किंवा नुसतं भांडायचं झालं तरी यापुढे मला लिहू नको. मी त्यात नाही. खाली पत्ता देतो, टपाल तिथं बरोबर पोचतं.

अंबाबाई,
आबाजीची बाग,
मुक्काम पळसदरी.